काकू, तुमचं व्हिजन काय?

माझ्या सासूबाईंनी पंचवीसेक वर्षं थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी विकली, आणि एवढ्या काळात त्यांना एकाही माणसानं त्यांचं ध्येय विचारलं नाही. धंदा माझ्याकडे आला आणि जो तो तेच विचारायला लागला. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, कारण कर्जाच्या अर्जात तसा रकाना होता. सीएसाहेबांनी विचारलं, "वहिनी, पाच वर्षांनी उलाढाल किती धरायची?" आणि नुकतंच एमबीए संपवून पुण्याहून आलेल्या पुतण्यानं चहात बिस्किट बुडवत विचारलं, "काकू, तुमचं व्हिजन काय?"

मला उत्तर येत नव्हतं. त्याआधी मी शाळेत भूगोल शिकवत होते. शाळेत ध्येय वरून येतं, परिपत्रकातून. आपण ते टाचणवहीत उतरवून घ्यायचं आणि सही करायची. इथे परिपत्रक काढणारी मीच होते. सांगलीत घरामागे पत्र्याची शेड, त्यात दोन भट्ट्या, दळायचा एक पल्व्हरायझर, पाकिटं बंद करायचं सीलिंग मशीन, कामाला चार बायका. माल जातो तो सांगली, मिरज, कोल्हापूरच्या दुकानांत आणि पुण्याच्या एका वितरकाकडे. एवढ्याशा पसाऱ्याला व्हिजन लागतं हेच मला नवीन होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, दिवाळीच्या आत चकलीची भाजणी संपली पाहिजे. अजून काय हवंय?"

मग मी 'ध्येयनिश्चिती' अशा नावाच्या एका कार्यशाळेला गेले. मे महिना होता आणि व्याख्याते कोट-टाय घालून आले होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल आधी काळजीच वाटली. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1953 साली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमची ध्येयं कागदावर लिहिलेली आहेत का? फक्त 3 टक्के मुलांनी लिहिली होती. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या 3 टक्क्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून जास्त भरली. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. लगेच कागद वाटले आणि ध्येय लिहायला पाच मिनिटं दिली. माझ्या शेजारी बसलेल्या हार्डवेअरवाल्या काकांनी पेन न उचलता 'एक कोटी' लिहिलं. मीही तेच लिहिलं. आकड्यामागे हिशेब काही नव्हता, पण त्या खोलीत त्याहून कमी लिहायला संकोच वाटत होता.

घरी आल्यावर पुतण्यानं मोबाइलवर शोधून दाखवलं की असा अभ्यास झालेलाच नाही. 'फास्ट कंपनी' नावाच्या अमेरिकन मासिकानं 1996 मध्येच त्याचा माग काढला होता. ही गोष्ट सांगणाऱ्या वक्त्यांना विचारलं, येलमध्ये विचारलं. कोणाकडे ना कागद, ना संशोधकाचं नाव. काही ठिकाणी हीच कथा हार्वर्डच्या नावावर, 1979 साल घालून फिरते. मला राग आला नाही, हसू आलं. लिहून ठेवण्याचं महत्त्व सांगणारा अभ्यास कोणी कुठेच लिहून ठेवलेला नव्हता.

पुतण्या मात्र हिरमुसला, कारण त्याच्याही वर्गात ती येलची गोष्ट सांगितली गेली होती. मग त्यानंच भरपाई म्हणून दुसरं काहीतरी आणलं. कॅलिफोर्नियातल्या डॉमिनिकन विद्यापीठातल्या गेल मॅथ्यूज यांनी खरोखर माणसं गोळा करून पाहिलं होतं. ज्यांनी ध्येय लिहिलं, ते मित्राला कळवलं आणि दर आठवड्याला त्याला प्रगतीचा अहवाल पाठवला, त्यांची कामं नुसता मनात विचार करणाऱ्यांपेक्षा जास्त पुढे सरकली. अहवाल पाठवायला मला मित्र कुठला? मी दर रविवारी रात्री सासूबाईंना सांगायला लागले. त्यांचा प्रतिसाद प्रत्येक वेळी एकच असतो. "बरं. आणि पैसे आले का?" हा प्रश्न किती मोठा आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

ध्येय कसं लिहावं याच्या पाच कसोट्यांची एक प्रसिद्ध यादी आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्मार्ट'. कार्यशाळेत ती फळ्यावर लिहिली होती, बँकेच्या माहितीपत्रकात होती आणि पुतण्याच्या वहीत चार रंगांत होती. मी तिचं मूळ शोधायला गेले, कारण भूगोलाच्या बाईला नदी दिसली की उगम विचारायची सवय असते. जॉर्ज डोरन नावाच्या सल्लागारानं नोव्हेंबर 1981 मध्ये 'मॅनेजमेंट रिव्ह्यू' या मासिकात लिहिलेला तो छोटासा लेख. त्यातली एक कसोटी पुढे बदलली गेली आहे. आज सगळे म्हणतात ध्येय साध्य होण्याजोगं असावं. डोरननं त्या जागी लिहिलं होतं की ते काम कोणावर सोपवलंय ते ठरलेलं असावं. शिवाय प्रत्येक ध्येय पाचही कसोट्यांना उतरलंच पाहिजे असा त्याचा हट्ट नव्हता. फळ्यावर यातलं काही आलं नव्हतं.

मी 'एक कोटी'चा कागद समोर घेऊन 'कोण करणार?' असं विचारलं. धान्याची खरेदी मी, भाव ठरवणं मी, दुकानदारांचे फोन मी, लेबलं संपली तर प्रेसमध्ये धावणं मी, अन्नपरवान्याचं नूतनीकरण मी. चार बायका फक्त भाजतात, दळतात आणि भरतात. एक कोटी तर सोडाच, आणखी दोन दुकानं वाढली तरी मला झोप कमी करावी लागली असती. एक अख्खी कार्यशाळा आणि तीत वाटलेली फाइल यांतून जे समजलं नाही ते एका जुन्या लेखातल्या गाळलेल्या कसोटीनं समजलं. पण समजलं म्हणजे काय करायचं ते समजलं असं नव्हे. त्यासाठी, पुतण्या म्हणाला, वाचलं पाहिजे.

त्यानं यादी दिली. यादी लांबलचक होती आणि प्रत्येक नावापुढे 'मस्ट' लिहिलेलं होतं. पुण्याला गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकात ती यादी हातात धरून उभी राहिले. शालेय पुस्तकं, गाईडं आणि स्पर्धापरीक्षांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत धंद्याच्या पुस्तकांच्या फडताळापाशी पोचले, आणि पुढचा अर्धा तास मला तिथून हलता आलं नाही. मुखपृष्ठांवर शिड्या, बाण, डोंगराची शिखरं, सिंह. एका पुस्तकात सांगितलंय एकाच गोष्टीला चिकटून राहा, शेजारच्यात सांगितलंय सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. एक म्हणतं बारकाव्यांत मालकानं शिरू नये, दुसरं म्हणतं बारकाव्यांतच धंदा असतो. एकात चिकाटीची स्तुती, एकात वेळेवर सोडून देण्याची. पहाटे पाचला उठा असं सांगणारी तर रांगच होती. आमच्या शेडमधल्या मावशी चारला उठून पाणी भरतात. त्यांच्या नावावर अजून एकही कंपनी नाही.

त्या वेळी मी काय विकत घेतलं ते सांगण्यासारखं नाही, म्हणजे वाईट होतं म्हणून नव्हे, आठवतच नाही म्हणून. दोन-तीन पुस्तकं वाचून झाल्यावर त्यांतलं कुठलं वाक्य कुठलं हे मला वेगळं करता येईना. वाचताना अंगात वारं भरायचं, रात्री अकरा वाजता शेड दुप्पट करायचे बेत व्हायचे, आणि सकाळी हरभरा डाळीचा भाव वाढलेला असायचा.

नेपोलियन हिल यांचं 'थिंक अँड ग्रो रिच' मात्र आठवतं, कारण ते घराघरांत आहे. 1937 चं पुस्तक. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनीच आपल्याला यशाचं रहस्य शोधायला लावलं, असं हिल सांगत. कार्नेगी 1919 मध्ये वारले. त्यांचं मोठं चरित्र लिहिणाऱ्या डेव्हिड नॅसॉ यांना या दोघांची भेट झाल्याचा पुरावा सापडला नाही. हे कळल्यावर मी पुस्तकाच्या मागच्या पानावरचा लेखकाचा परिचय आधी वाचायला लागले. हा माणूस पोट कशावर भरतो? धंदा करून, की धंद्याविषयी भाषणं करून? दुसऱ्या प्रकारातला लेखक वाईटच असतो असं नाही, पण त्याला तोटा झालेला दिवस कधी दिसतो का, हे मी शोधते. बहुतेक वेळा दिसत नाही.

मोठमोठ्या अभ्यासांवर उभी असलेली पुस्तकं अशी हवेतली नसणार, अशी माझी समजूत होती. जिम कॉलिन्स यांचं 'गुड टू ग्रेट' 2001 चं. शेकडो कंपन्या चाळून त्यांनी अकरा निवडल्या, ज्या साधारणपणाकडून थोरपणाकडे गेल्या. त्या अकरांतली सर्किट सिटी ही विजेच्या वस्तूंची दुकानं चालवणारी कंपनी 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी फॅनी मे ही घरकर्जांची महाकाय संस्था अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. त्याच्याही आधी पीटर्स आणि वॉटरमन यांचं 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' 1982 मध्ये आलं आणि दोनच वर्षांत 'बिझनेस वीक'नं त्यातल्या गडबडलेल्या कंपन्यांवर मुखपृष्ठकथा केली. फिल रोझेनझ्वाइग यांनी 2007 मध्ये 'द हॅलो इफेक्ट' लिहून याचं कारण सांगितलं. कंपनी नफ्यात असली की तिचं सगळंच चांगलं दिसतं, साहेबाचा हट्टीपणासुद्धा ठामपणा म्हणून खपतो. नफा गेला की तोच ठामपणा आडमुठेपणा ठरतो. आपल्याकडे हे लग्नघरात रोज चालतं. मुलगा अमेरिकेत स्थिरावला की तो लहानपणापासूनच जिद्दी होता, आणि परत आला की लहानपणापासूनच हेकट.

मग वाचायचं तरी काय? मी पुतण्याला हेच विचारलं आणि त्यानं खांदे उडवले. उत्तर आलं ते शेडमधून.

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्याकडे मागणी पुरी होत नाही. सगळ्यांचं म्हणणं, पल्व्हरायझर लहान पडतो, मोठा घ्या. त्यासाठीच तर बँकेचा अर्ज होता. त्याच सुमारास पुतण्यानं अँड्र्यू ग्रोव्ह यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' हातात दिलं. ग्रोव्ह म्हणजे इंटेल चालवणारे. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या माणसाचं 1983 चं पुस्तक मला काय कळणार म्हणून उघडलं, तर पहिल्याच प्रकरणात नाष्टा! तीन मिनिटं उकडलेलं अंडं, लोणी लावलेला टोस्ट आणि कॉफी. तिन्ही गरम आणि एकाच वेळी गिऱ्हाइकापुढे गेलं पाहिजे. सगळ्यात जास्त वेळ खाणारी पायरी कुठली? अंडं. मग बाकी सगळ्या कामांच्या वेळा अंड्यावरून मागे मोजत लावायच्या. एवढंच. कोट-टाय नाही, सिंह नाही.

मी वही घेऊन शेडमध्ये बसले आणि आमचं अंडं शोधायला लागले. भाजायला किती वेळ, दळायला किती, भरायला किती. पल्व्हरायझर दिवसातला बराच वेळ गप्पच उभा होता. कशासाठी? भाजलेली बाजरी, ज्वारी, डाळी पराती-पराती जमिनीवर मांडून ठेवलेल्या होत्या, गार व्हायला. "वैनी, कढत धान्य दळलं तर पीठ घाम सोडतं, पाकिटात गुठळ्या हुत्यात," भाजणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांना हे कायमच माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं एवढंच. मोठा पल्व्हरायझर आणला असता तर तोही गप्प उभा राहिला असता, फक्त हप्त्यासकट. आम्ही लोखंडी सांगाड्याचे, जाळीच्या तळाचे लांब ट्रे करून घेतले, एकावर एक मांडता येतील असे, आणि समोर मोठा पंखा बसवला. बँकेचा अर्ज अजून तसाच पडून आहे.

यानंतर मी एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल' वाचलं. 1984 ची कादंबरी आहे, हो, कादंबरी. बुडत्या कारखान्याचा व्यवस्थापक आणि त्याच्या हातात तीन महिने. गोल्डरॅट मूळचे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. पोरांच्या एका पदभ्रमंतीचा प्रसंग आहे: ओळीतला सगळ्यात सावकाश चालणारा मुलगाच सगळ्या रांगेचा वेग ठरवतो; त्याला पुढे आणतात आणि त्याच्या पाठीवरचं ओझं वाटून घेतात. हे पुस्तक मी आधी वाचलं असतं तर 'वा, छान' म्हणून मिटलं असतं. पराती बघून झाल्यावर वाचलं म्हणून आत गेलं. तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. डोक्यात प्रश्न नसेल तर धंद्याचं पुस्तक विकत घ्यायचं नाही, आणि प्रश्न असेल तर दुकानात उभ्या-उभ्या मधलंच एखादं प्रकरण वाचायचं. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच चांगलं असतं.

ध्येयाचं गाडं मात्र अजून अडलेलंच होतं. त्याला वाट मिळाली ती एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांमुळे. ध्येयांवर या दोघांनी उभं आयुष्य घालवलंय. लॅथम यांचा एक जुना प्रयोग मला फार आवडला. ओक्लाहोमात लाकूड वाहणारे ट्रक कायद्यानं परवानगी असलेल्या वजनाच्या जेमतेम 60 टक्के भरून जायचे. 'जमेल तेवढं भरा' या सांगण्यानं काही होत नव्हतं. चालकांना 94 टक्के असं नेमकं उद्दिष्ट दिलं, आणि ना बक्षीस ना बोनस, भार 90 टक्क्यांच्या आसपास गेला. (आमच्याकडच्या उसाच्या ट्रॉलीला असं उद्दिष्ट देण्याची वेळ कधी येणार नाही, तिला उलटंच सांगावं लागेल.) हा प्रयोग 1975 मध्ये छापून आला आणि नेमक्या, अवघड ध्येयाची महती सांगायला तो आजही देतात.

पण त्याच लोकांनी पुढे आणखी एक गोष्ट शोधली, जी कार्यशाळेत कोणी सांगत नाही. काम नवं असेल, गुंतागुंतीचं असेल आणि ते कसं करायचं हेच अजून माणसाला उमगलं नसेल, तर असं आकड्याचं ध्येय उलटं पडू शकतं. माणूस आकड्याकडे बघत राहतो आणि रीत शिकायची राहून जाते. अशा वेळी ध्येय शिकण्याचं ठेवावं: अमुक गोष्ट करण्याचे इतके मार्ग शोधीन, तमुक कसं चालतं ते समजून घेईन. ट्रकचालकांना ट्रक भरता येत होता. मला धंदा येत नव्हता. हार्डवेअरवाल्या काकांना बहुधा येत असावा, त्यांचा एक कोटी त्यांना लखलाभ.

म्हणून मी नवा कागद घेतला आणि त्यावर शिकायच्या गोष्टी लिहिल्या. पहिली, पैसे कुठे अडकतात. दुसरी, माझा वेळ कुठे जातो. तिसरी, एका पाकिटामागे खरंच किती सुटतात. चौथी, मी आठ दिवस आजारी पडले तर काय बंद पडेल. सासूबाईंनी कागद बघून विचारलं, "हे ध्येय? हे तर मला आधीच विचारायचंस की!" विचारलं. चौथ्याचं उत्तर त्यांनी लगेच दिलं: सगळं.

वेळेचं काम पीटर ड्रकर यांनी सोपं केलं. 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' 1967 चं आहे, आणि त्यातला सल्ला असा की वेळेचं नियोजन नंतर, आधी तो जातो कुठे ते प्रत्यक्ष लिहून काढा, आठवणीवर विसंबू नका. मला वाटायचं माझा दिवस खरेदीत जातो. लिहून पाहिल्यावर दिसलं, तो उधारीच्या फोनांत जातो. तेच दुकानदार, तीच उत्तरं. "वहिनी, सोमवारी बघतो." कुठला सोमवार ते कोणी सांगत नाही.

आणि पैशासाठी मला जे पुस्तक सापडलं ते पुतण्याच्या यादीत असणं शक्यच नव्हतं: अकरावीचं 'पुस्तपालन आणि लेखाकर्म', बालभारतीचं. संकेतस्थळावर फुकट मिळतं. मी कलाशाखेची, त्यामुळे जमा-नावे, खतावणी, तेरीज, ऋणको-धनको हे सगळे शब्द आजवर फक्त लांबून ऐकलेले. रोज रात्री एक प्रकरण आणि खालचे प्रश्न सोडवायचे, मुलीच्या जुन्या वहीत. या पुस्तकात एकही यशस्वी माणूस नाही, प्रेरणा नाही, पहाट नाही. मात्र घसारा आहे. पल्व्हरायझर रोज थोडा थोडा झिजतो आणि ती झीज पाकिटाच्या किमतीत धरायची असते, हे मी तिथे शिकले. तोवर आम्ही धान्य, गॅस, मजुरी आणि पाकीट एवढंच मोजत होतो. मेतकुटात तर सुटत जवळजवळ काहीच नव्हतं. ते लोकांना आवडतं म्हणून आम्ही आनंदानं करत होतो.

ऋणकोंची यादी एका पानावर उतरवली तेव्हा नफा कुठे बसलाय ते दिसलं. तो दुकानांच्या फळ्यांवर बसला होता. वहीत नफा, बँकेत खडखडाट. सासूबाईंचा रविवारचा प्रश्न हाच तर होता.

इथे दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक कायदा, तो सीएसाहेबांनी सांगितला: सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यात, लेखी करार असला तरी खरेदीदारानं 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर 15. पुण्याच्या वितरकाला मी पत्रात हे नम्रपणे कळवलं. दुसरी गोष्ट लिज्जत पापडाची. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं केली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. भाषणांत ही गोष्ट जिद्दीची म्हणून येते. मला तिच्यात जिद्दीपेक्षा व्यवहार मोठा दिसला. लाटणाऱ्या बहिणींना मजुरी रोजच्या रोज द्यायची, म्हणून वितरकानंही माल उचलतानाच रोख मोजायची. उधारी नाही. आम्हाला एकदम तसं करणं जमणार नव्हतं. निम्मी दुकानं तुटली असती. सणाच्या मालापुरतं रोखीचं केलं. चकलीची भाजणी दुकानदाराला दिवाळीत हवीच असते, तेव्हा त्याचा सोमवार लवकर येतो. दोघं-तिघं रुसले. एक अजून रुसलेला आहे.

मायकेल गर्बर यांच्या 'ई-मिथ रिव्हिजिटेड'बद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. त्यात एक बाई आहे, 'पाय' नावाचा पदार्थ उत्तम भाजते, म्हणून तिनं दुकान काढलंय आणि आता तिला भट्टीचं तोंड बघवत नाही. गर्बर म्हणतात, पदार्थ चांगला करता येणं आणि पदार्थाचा धंदा करता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इथवर मी मान डोलावत होते. पुढे ते म्हणतात, धंदा असा बांधा की त्याच्या हुबेहूब हजारो प्रती काढता येतील, मॅकडोनाल्डसारख्या. तिथे मी थांबले. सांगलीबाहेर हजारो ठिकाणी माझी शेड असावी असं मला वाटत नाही, आणि पुतण्याला वाटतं म्हणून ते माझं ध्येय होत नाही. तरी त्या पुस्तकानं एक काम करून घेतलं. सासूबाईंचं 'अंदाजे' मी वजनकाट्यावर आणलं. धने किती, जिरं किती, बाजरी कुठवर भाजायची, वास कसा आला की उतरवायची. शेवटचं काट्यावर येत नाही, ते मावशींनी शेडमधल्या धाकट्या ताईंना शेजारी उभं करून शिकवलं. आजारी पडायची आता मला थोडीफार मुभा आहे.

मराठीत या जातीची पुस्तकं कमी आहेत अशी तक्रार मीही करायची. अनुवादांचे ढीग आहेत, पण आपल्या मातीतल्या माणसानं स्वतःच्या धंद्याविषयी लिहिलेलं शोधावं लागतं. नगर वाचनालयात विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' मिळालं, वर्गीस कुरियन यांच्या आत्मचरित्राचा अनुवाद मिळाला, आणि किर्लोस्करांविषयीचं एक अख्खं कपाट. किर्लोस्करवाडी आमच्यापासून रेल्वेनं चार स्टेशनांवर, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखाना का उभारला, हे मी भूगोल शिकवतानासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर तयार होऊन पडून राहिले. यशाच्या पुस्तकांत हा पडून राहिलेला काळ एका ओळीत संपतो. मला तीच ओळ सविस्तर हवी असते: तेव्हा मजुरी कशी भागवली, घरात काय बोलणं व्हायचं?

पुस्तक किती जुनं आहे हेही मी आता बघते. वॉरन बफे यांनी 1991 मध्ये बिल गेट्सना स्वतःची प्रत वाचायला दिली ती जॉन ब्रूक्स यांच्या 'बिझनेस ॲडव्हेंचर्स'ची, 1969 च्या पुस्तकाची. त्यात फोर्ड कंपनीची एडसेल ही मोटार कशी सपशेल पडली त्याची लांबलचक हकिकत आहे. ती मी वाचायला घेतली आहे. इंग्रजी जड जातं, रोज तीन-चार पानं होतात. पण पडलेल्या मोटारीची गोष्ट वाचताना मला जेवढं समजतं तेवढं अकरा थोर कंपन्यांच्या वेळी समजलं नव्हतं.

सध्या डोक्यात असलेला प्रश्न भट्टीचा आहे. हातानं भाजणं मावशींच्या खांद्यांना झेपेनासं झालंय आणि फिरत्या पिंपाचं, गॅसवर चालणारं भाजणीयंत्र मिळतं. त्यात बाजरीला तोच वास येईल का, हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. पुतण्यानं आणखी दोन नावं सुचवली आहेत. कुपवाडच्या एमआयडीसीत एकांकडे ते यंत्र चालू आहे आणि त्यांनी सोमवारी यायला सांगितलंय. हा सोमवार खरा आहे, मी तारीख विचारून घेतली. मावशींना बरोबर नेणार आहे, आणि पाच किलो बाजरी. त्यांनी आत्ताच बजावलंय, "वैनी, वास मी बघणार. तुम्ही वहीत लिवा."